आमच्या छोट्या कॉलेजची फुटबॉल टीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी भातकापणी झाली की आमच्या कॉलेजच्या जुन्या मुलांची आणि आत्ताच्या मुलांची मॅच होते, आणि ती झाली की पुढचे चार-पाच दिवस माझा फोन थांबत नाही. कुणाला वडलांचा फोटो सापडलेला असतो, कुणाची मित्राशी पैज लागलेली असते, कुणाला नुसतं बोलायचं असतं. मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी या टीममध्ये लेफ्ट बॅक होतो आणि गेली काही वर्षं जे मिळेल ते गोळा करतोय, म्हणून सगळे माझ्याकडेच येतात. प्रश्न तेच तेच असतात, तेव्हा उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो. कॉलेजचं आणि खेळाडूंचं नाव घेत नाही, बऱ्याच जणांनी तसं सांगितलंय आणि मलाही ते पटतं. गोव्याच्या आतल्या तालुक्यातलं, खाणींच्या जवळचं, एका बाजूला कुळागर (पोफळी-माडांची बाग) आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असलेलं कॉलेज, एवढं पुरे.

टीम नक्की कोणत्या साली सुरू झाली?

असं एकच साल नाही. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज आलं, आमच्या बाजूला कॉलेज यायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली. आलं तेसुद्धा हायस्कूलच्याच इमारतीत, सकाळच्या वेळी, चार-पाच वर्गखोल्या. मुलं हायस्कूलचा बॉल घेऊन खेळायची आणि अकरा वाजता शाळेची मुलं आली की बॉल परत करायची. आमचे स्पोर्ट्सचे सर म्हणायचे की ज्या दिवशी कॉलेजने स्वतःचा बॉल विकत घेतला त्या दिवसापासून टीम धरा. मला हे एकदम बरोबर वाटतं. तो बॉल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणला होता एवढं दोघातिघांनी सांगितलंय.

पण फुटबॉल म्हणजे सासष्टी-बार्देशचा, किनाऱ्याकडच्या तालुक्यांचा खेळ ना? आतल्या तालुक्यात कसा आला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दरवेळी थोडा लागतो, कारण त्यात आमची मुलं कुठूनतरी उसनी आणल्यासारखी वाटतात.

सुरुवात तिकडेच झाली यात वाद नाही. १८८३ साली फादर विल्यम लायन्स नावाचे पाद्री तब्येत सुधारायला गोव्यात आले आणि त्यांनी शिवोलीला मुलांना फुटबॉल शिकवला, तिथून तो चर्चच्या शाळांमधून आणि राशोलच्या सेमिनरीतून गावोगाव गेला. शिकून बाहेर पडलेला पाद्री ज्या गावात जायचा तिथे बॉल पोचायचा. आमचे तालुके नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर घेतलेल्या भागातले, इथे चर्च कमी, देवळं जास्त, त्यामुळे ती वाट इथपर्यंत आली नाही. आमच्याकडे तो दुसऱ्या वाटेने आला. खाणी सुरू झाल्या, कामाला सासष्टीतले मेकॅनिक, ड्रायव्हर, सुपरवायझर आले, ते संध्याकाळी खेळायला लागले आणि एक माणूस कमी पडला की आमच्या आज्या-काकांना बोलवायचे. पुढे कंपन्यांच्या टीमा मोठ्या झाल्या. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक आणि स्वतः खेळाचे वेडे, त्यांच्या नावाने बांदोडकर सुवर्ण ट्रॉफी व्हायची आणि ती बघायला आमच्या गावातनं ट्रक भरून माणसं जायची, ट्रक अर्थात खाणीचाच, कपड्यांवर लाल धूळ घेऊन परत यायची. त्या ट्रकमध्ये बसून गेलेली पोरं पुढे कॉलेजच्या पहिल्या टीममध्ये होती.

गोवा विद्यापीठ नव्हतं तेव्हा कॉलेजं कुठे खेळायची?

मुंबई विद्यापीठाखाली. नवीन मुलांना हे खरंच वाटत नाही. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं, त्याआधी गोव्यातली सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, डिग्री मुंबईची, पेपर मुंबईचे आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं तर टीमसुद्धा मुंबईची. म्हणजे आमच्या मुलाला विद्यापीठाचा शर्ट घालायचा असेल तर आख्ख्या मुंबईच्या कॉलेजांतल्या मुलांशी ट्रायल. कोकण रेल्वे यायला १९९८ उजाडलं, तेव्हा जायचं ते रात्रीच्या बसने, सतरा नंबरच्या हायवेने, घाटातली वळणं आणि सकाळी उतरून तसंच ग्राउंडवर.

आमच्या कॉलेजमधून एकच मुलगा त्या ट्रायलला गेला. सिलेक्शन झालं नाही. मी त्यांना भेटलोय, आता निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी मला बूट दाखवले, कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले, तळाला कातडी स्टड खिळ्यांनी ठोकलेले, आणि दोन स्टड नाहीत. ते त्या ट्रायलमध्येच निघाले होते आणि खिळा टाचेत जात असताना ते पुरता वेळ खेळले. हे सांगताना त्यांनी तक्रारीचा सूर काढला नाही, फक्त बूट उलटा करून बोटाने ती दोन भोकं दाखवली.

ग्राउंड कुठे होतं?

दोन होती. कॉलेजमागचं कायमचं, म्हणजे डोंगराचा एक तुकडा सपाट केलेला, सगळा जांभा दगड, वर पातळ माती. पडलात की गुडघा सोललाच. शिवाय ते एका बाजूला उतरतं होतं, त्यामुळे टॉस जिंकला की उताराकडे गोल करायचा हे ठरलेलं. पावसात त्यावरून पाणी असं वाहायचं की बॉल मारला एकीकडे आणि गेला दुसरीकडे.

दुसरं, आणि माझ्या मते खरं, म्हणजे देवस्थानचं शेत. भात कापून झालं आणि त्या वर्षी कुणी वायंगण, म्हणजे भाताचं दुसरं पीक, लावलं नाही तर ते शेत मेपर्यंत आमचं. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस खुंट पायाला टोचायचे, मग तुडवून तुडवून जमीन अशी घट्ट व्हायची की अंगणच. मेरांच्या (बांधांच्या) मधे एक शेत पुरायचं नाही म्हणून मधली मेर काढायची, आणि मिरगाआधी ती परत जशीच्या तशी घालून द्यायची, हा शब्द आमच्या सरांनी शेतकऱ्यांना दिला होता आणि दरवर्षी टीमने स्वतः चिखल-माती वाहून तो पाळला. मी तीन वर्षं ती मेर घातलीय. मेर घालायला जो आला नाही तो पुढच्या सीझनला टीममध्ये नाही, मग तो कितीही चांगला खेळो.

गोलपोस्ट पोफळीचे, वर आडवा बांबू. नेट म्हणजे रापणीचं, किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीचं, जुनं जाळं, एका मुलाच्या मामाकडून किनाऱ्यावरनं आणलेलं, पहिला महिनाभर त्याला मासळीचा वास. आणि रेघा मारायचे आमचे प्यूनकाका. डालडाच्या डब्याला खाली खिळ्याने भोकं पाडलेली, त्यात सुका चुना, आणि डबा हलवत हलवत ते उलटे चालायचे. दोरी धरत नसत, समोरच्या माडाकडे बघून चालायचे आणि रेघ सरळ यायची. सेंटर सर्कल मात्र दोरीने, मधे खुंटी ठोकून.

जुन्या तक्त्यांत जिंकल्यावर दोनच गुण का दिसतात? चूक आहे का?

चूक नाही. तेव्हा जिंकलं की २, बरोबरी १. तीन गुणांची पद्धत इंग्लंडमध्ये १९८१ मध्ये आली, वर्ल्डकपमध्ये १९९४ ला आणि मग सगळीकडे पसरली. त्यामुळे जुन्या आणि नव्या टीमची तुलना गुणांवरून करू नका, किती मॅच जिंकल्या ते मोजा.

तसंच दुसरं. जुने लोक सांगतात की आम्ही १-० ने पुढे असलो की शेवटची दहा मिनिटं बॉल गोलीकडे परत द्यायचो आणि तो हातात घ्यायचा, मग नवीन पोरं म्हणतात हे कसं चालेल. चालायचं. स्वतःच्या माणसाने पायाने मागे दिलेला बॉल गोलीने हातात घ्यायचा नाही हा नियम १९९२ मध्ये आला. लेफ्ट बॅक म्हणून मी हे शेकड्याने केलंय, आणि खरं सांगतो, बघणाऱ्याला कंटाळवाणं होतं, नियम बदलला ते चांगलं झालं.

ब्रह्मानंद शंखवाळकर आपल्या कॉलेजचे ना?

नाही. ही गोष्ट कशी पसरली मला माहीत आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

ब्रह्मानंद ताळगावचे, आयुष्यातला मोठा काळ साळगावकर क्लबचे गोली, भारताचे कॅप्टन, १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ ला पद्मश्री. गोव्याने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या टीमांची राष्ट्रीय स्पर्धा, पहिल्यांदा १९८२-८३ मध्ये बंगालबरोबर विभागून जिंकली आणि पुढच्याच वर्षी, १९८३-८४ मध्ये, एकट्याने, पूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. कॅप्टन तेच, गोली तेच. त्या वेळी मी शाळेत होतो. आमच्या गावात त्याआधी गोली कुणी व्हायचं नाही, जो सगळ्यात लहान किंवा जाडा त्याला उभा करायचे. त्या वर्षानंतर गोली व्हायला भांडणं व्हायला लागली. त्यातही नाव शंखवाळकर, म्हणजे आमच्यासारखंच घरी मराठी पेपर येणाऱ्या घरातलं नाव, हे त्या वयात किती मोठं वाटलं ते आज सांगून समजणार नाही. फुटबॉल आपलाही आहे हे सिद्ध करायची गरजच उरली नाही.

आमच्या कॉलेजच्या पुढच्या गोलीला सगळे ब्रह्मानंद म्हणूनच हाक मारायचे, ग्राउंडवर आणि कॅन्टीनमध्येसुद्धा. वीस वर्षांनी कुणीतरी सांगितलं की आमच्या टीममध्ये ब्रह्मानंद होता, आणि ऐकणाऱ्याने ते खरं धरलं. एवढंच आहे ते.

आपण कधी काही जिंकलं का?

तालुक्यातल्या दोन-तीन टूर्नामेंट जिंकल्या, सेव्हन-अ-साइडच्या ढाली आहेत, एक कप आहे ज्याचा एक कान तुटलाय. आंतरकॉलेज स्पर्धेत मात्र सगळ्यात पुढे गेलो ते सेमीफायनलपर्यंत, एकदाच, आणि त्या टीममध्ये मी होतो.

समोर मोठं कॉलेज, त्यांच्या टीममधले पाच-सहा जण क्लबात सही केलेले. आमच्याकडे अकरा अधिक तीन, आणि त्या तिघातला एक तापाने फणफणलेला. पाऊस सकाळपासून. नव्वद मिनिटं ०-०, जादा वेळेत ०-०, माझ्या बाजूने त्यांचा राइट विंगर तीस वेळा आला असेल आणि अठ्ठावीस वेळा तरी मी त्याला बाहेर नेला. मग पेनल्टींचा टायब्रेकर. चार-चार मारून झाले, ३-३. त्यांचा पाचवा आत गेला. आमचा पाचवा आमच्या स्टॉपरकडे, म्हणजे मधल्या बॅककडे. तो बॉल ठेवायला वाकला तेव्हा त्याच्या हातात चिखल होता, त्याने शर्टाला पुसायला बघितलं तर शर्टपण चिखलाचा, मग त्याने हात जमिनीवरच्या डबक्यात धुतले, दोन्ही, नीट, देवळात जाण्याआधी धुतात तसे. बॉल बारला लागला. बारवरचं पाणी झटकन खाली गळलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

परतीच्या बसमध्ये कुणी त्याला काही बोललं नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं.

खाण कंपन्यांनी मदत केली का?

कॉलेजला थेट नाही, पण त्यांच्यामुळे खेळायला अर्थ होता. साळगावकर १९५६ पासूनचा क्लब, मग धेंपो, सेसा, या सगळ्यांच्या मागे खाणीचा पैसा. चांगला खेळलास तर कंपनीत नोकरी, पगार चालू, प्रॅक्टिस चालू, आणि खेळ सुटल्यावर ऑफिसात किंवा जेटीवर काम कायम. आईबापाला पटवायला यापेक्षा मोठं कारण काय पाहिजे. आमच्या टीममधले चौघे असे लागले, त्यातले दोघे कंपनीतूनच रिटायर झाले.

गोव्याचे क्लब मग देशात गाजले. साळगावकर १९९८-९९ ला नॅशनल लीग जिंकला, धेंपोने तर २००५ ते २०१२ मध्ये पाच वेळा देशाचं विजेतेपद आणलं. आणि २०१२ मध्येच खाणी बंद झाल्या. आमच्या भागात त्याचा अर्थ काय होता ते बाहेरच्याला सांगणं अवघड आहे, घराघरासमोर ट्रक उभे, बॅंकेचे हप्ते थकलेले, आणि पोरगा संध्याकाळी बॉल घेऊन निघाला की घरात आवाज चढायचा. पुढे २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून, म्हणजे क्लबांच्या देशपातळीवरच्या लीगमधून, अंग काढून घेतलं, त्याचं कारण वेगळं होतं, लीगचा नवा आराखडा त्यांना मान्य नव्हता. पण आमच्या मुलांच्या दृष्टीने कॉलेजच्या टीमपासून नोकरीपर्यंत जी एक पायवाट होती ती त्या चार वर्षांत पुसली गेली. एफसी गोवा २०१४ ला आला, तो मला आवडतो, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जाऊन आरडाओरडा करून येतो, पण तिथे पोचायला आता बाराव्या-तेराव्या वर्षी अकॅडमीत असावं लागतं, कॉलेजात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

ग्राउंडवर भाषा कोणती?

कोंकणी, कायम. नोटीस इंग्रजीत, बातमी मराठीत, शिव्या तिन्हीत.

मुलींची टीम कधी झाली?

उशिरा, आणि आमच्या काळात नव्हती याची मला लाज वाटते, कारण ती नसण्याला काही कारणच नव्हतं. गोव्याची योलांडा डिसोझा सत्तरच्या दशकात भारताच्या महिला टीमकडून खेळत होती, म्हणजे मुली खेळू शकतात की नाही हा प्रश्न तेव्हाच संपलेला होता. आमच्या बॅचच्या तीन मुली सरांकडे गेल्या होत्या, त्यांना मुली पुरेशा नाहीत असं सांगून परत पाठवलं. अकरा मुलगे तरी कुठे पुरत होते. आता टीम आहे, सात-आठ वर्षं झाली, आणि २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्डकपच्या काही मॅच फातोर्ड्याला झाल्या तेव्हा कॉलेजची मिनीबस भरून गेली. त्या तिघींपैकी एकीची मुलगी आता टीमची कॅप्टन आहे.

माझ्याकडे जुना फोटो आहे, वर्ष लिहिलेलं नाही. कसं ओळखायचं?

आधी बॉल बघा. तपकिरी, लेस बांधलेला असेल तर अगदी सुरुवातीचा. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा असेल तर त्यानंतरचा, हा बत्तीस तुकड्यांचा बॉल १९७० च्या वर्ल्डकपपासून जगभर झाला, आमच्याकडे पोचायला वेळ लागला. मग मागची इमारत बघा, वरचा मजला नसेल तर हायस्कूलचे दिवस. पोस्ट पोफळीचा की लोखंडी पाइपचा तेही बघा. आणि कृपा करून आजच, बाबांना किंवा आजोबांना शेजारी बसवून, फोटोच्या मागे पेन्सिलने नावं लिहा. पेनने नको, शाई पुढे उतरते. माझ्याकडे नऊ फोटो असे आहेत ज्यात मला सगळे चेहरे दिसतात आणि अर्धी नावं माहीत नाहीत.

कॉलेजची जुनी रजिस्टरं बघायला मिळतील का?

नाहीत. ऑफिस नवीन इमारतीत हलवलं तेव्हा खेळाची सगळी रजिस्टरं, स्कोअरशीटा, सर्टिफिकेटांच्या कॉप्या भंगारवाल्याला गेल्या. काही वाळवीने खाल्ली होती हे खरं, पण सगळी नव्हती, मी स्वतः महिनाभर आधी बघितली होती. विचारलं तर जागा नव्हती म्हणाले. दोन कपाटांची जागा. मला अजून राग येतो.

मग एवढं सगळं तुम्हाला कळलं कुठून?

पेपरची कात्रणं, गोमन्तक आणि नवप्रभातली, तीही लोकांनी घरी जपलेली. माणसांच्या आठवणी. आणि उधारीची वही.

कॉलेजच्या फाट्यावर एक छोटं हॉटेल होतं, बाकडी चार, पातळ भाजी, पाव, मिरची, चा. मॅचहून किंवा प्रॅक्टिसहून आलो की तिथे. पैसे कुणाकडे नसायचे, सर महिन्याच्या एक तारखेला स्वतःच्या पगारातून द्यायचे, हे आम्हाला फार नंतर कळलं. हॉटेलवाले काका दर दिवसाचा हिशोब लिहायचे, तारीख, "फुटबॉल", आणि पुढे भाजीपाव इतके, चा इतके. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने माळ्यावरून काढलेल्या वह्या मला दिल्या, सोळा वह्या, तेलाचे डाग, मोडी वळणाचे आकडे.

त्या वह्यांतून टीम दिसते. नऊ भाजीपाव म्हणजे त्या दिवशी अकरा जण जमले नाहीत. सव्वीस म्हणजे दुसऱ्या कॉलेजची टीम आली होती आणि काकांनी त्यांनाही सरांच्याच खात्यावर जेवू घातलं. जूनमध्ये चार-पाच दिवस ओळीने चौदा-चौदा आणि चा दुप्पट, ते मेर घालण्याचे दिवस. परीक्षेचे महिने कोरे. कोणत्या वर्षी टीम उभीच राहिली नाही तेही कळतं, ती दोन वर्षं आहेत.

सेमीफायनलची तारीख मला पाठ होती, त्यामुळे मी ते पान आधी शोधलं. आम्ही उशिरा पोचलो होतो, हॉटेल बंद करायची वेळ झाली होती, हे मला आठवत होतं. पानावर तारीख आहे, "फुटबॉल" आहे, पुढे भाजीपाव १५, चा १५ लिहिलंय, आणि त्यावर एक आडवी रेघ मारून खाली काही नाही. सरांच्या त्या महिन्याच्या बेरजेत तो आकडा धरलेला नाही, मी दोनदा मोजून बघितलं.